शिकलेलं वापरायचं कुठे?

एखादं यान चंद्रावर उतरलं की एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. काही जण म्हणतात, खर्च सार्थकी लागला, आता लाखो मुलं विज्ञानाकडे वळतील. माणसाला भव्य स्वप्न दाखवलं की तो आपोआप शिकायला लागतो. यावर उलट उत्तर येतं की स्वप्नाने कुणी अभ्यासाला बसत नाही. परीक्षा, पगारवाढ आणि नापास होण्याची धास्ती यांच्याशिवाय पुस्तक उघडलं जात नाही. हाच वाद मी नुकताच एका बैठकीत दुसऱ्या वेषात ऐकला. विषय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा होता. एकाचं म्हणणं, एखाद्या मोठ्या वक्त्याला बोलवा, लोकांना पेटवा. दुसऱ्याचं म्हणणं, कोर्स पूर्ण केल्याशिवाय अप्रेझल पुढे सरकवू नका. दीड तास खल झाला. ज्यांना शिकायचं होतं ती माणसं शिकून झाल्यावर नेमकं काय करणार आहेत, हा प्रश्न त्या दीड तासात एकदाही निघाला नाही.

मला वाटतं, दोन्ही बाजू एकच चूक करतात. प्रेरणा ही बाहेरून आणून माणसात ओतायची वस्तू आहे असं दोघंही धरून चालतात. भांडण फक्त काय ओतायचं याचं. माझं म्हणणं वेगळं आहे. शिकलेली गोष्ट वापरायला जागा असेल आणि ती वापरल्याने काहीतरी खरोखर बदलतं हे शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असेल, तर बहुतेक माणसं शिकतात. फारसं न सांगताही शिकतात. ती जागा नसेल तर स्वप्नही फार दिवस पुरत नाही आणि बक्षीसही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सहकारी बाईंना दरवर्षी चार-पाच ऑनलाइन मॉड्यूल पूर्ण करावी लागतात. त्या व्हिडिओ सुरू करतात, आवाज बंद करतात, दुसऱ्या खिडकीत आपलं काम करत राहतात आणि मधूनमधून येऊन "पुढे" दाबतात. शेवटी दहा प्रश्न असतात. चुकले तर पुन्हा द्यायचे; तिसऱ्या फेरीपर्यंत उत्तरं पाठ होतात आणि सर्टिफिकेट येतं. सरळसरळ पाट्या टाकणं. याच बाईंना दर महिन्याला दोन लांबलचक याद्या हाताने ताडून पाहाव्या लागायच्या. त्यात दोन दिवस जायचे, आणि एखादी नोंद निसटली की बोल त्यांनाच. एका संध्याकाळी त्या मागे थांबल्या आणि स्प्रेडशीटमधलं लुकअपचं, म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधून देणारं, सूत्र शोधून काढलं. लावलं, तर रकानाभर एरर. सूत्र बरोबर, नोंदी त्याच, तरी जुळेना. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "हे बघा, इथे क्लिक केलं की कर्सर एक घर जास्तच सरकतो." एका यादीतल्या प्रत्येक क्रमांकामागे एक न दिसणारी मोकळी जागा होती. ती काढल्याबरोबर सगळा रकाना भरला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्याही सर्टिफिकेटने आणलेलं मी पाहिलं नाही. आता सांगा, या बाई आळशी म्हणायच्या की जिज्ञासू? माणूस तोच, कार्यालय तेच, स्वभावात तर काहीच बदललं नव्हतं.

बक्षिसाची बाजू मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तिला उत्तर म्हणून नेहमी दोन प्रयोग सांगितले जातात. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी दाखवलं की ठोकळ्यांचं कोडं सोडवल्याबद्दल पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्याकडे कमी वळतात. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांबाबत तेच पाहिलं: चित्र काढण्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलेली मुलं पुढे आपणहून कमी चित्रं काढू लागली. प्रयोग उत्तम आहेत, पण त्यांवरून "बक्षीस म्हणजे विष" असा जो निष्कर्ष काढला जातो तो चूक आहे. ही मुलं चित्रं आधीच आवडीने काढत होती. जे काम मुळात आवडतच नाही त्याला बक्षीस लावल्याने कुठली आवड मरणार? अमेरिकेत अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी शाळाशाळांतून केलेले प्रयोग तर बक्षीसवाल्यांच्या बाजूने बोलतात. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून छोटी चाचणी दिली की २ डॉलर मिळत. त्यांची वाचनाची समज सुधारली. मी हे मोकळेपणाने मान्य करतो.

पण त्याच प्रयोगांची दुसरी बाजू पाहा. न्यूयॉर्कमध्ये पुस्तक वाचण्याऐवजी परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे ठेवले होते, आणि तिथे गुण वाढल्याचं दिसलं नाही. मुलांना पैसे नको होते असं नाही. गुण कसे वाढवायचे हेच त्यांना ठाऊक नव्हतं; विचारलं तर ती प्रश्न नीट वाचण्याबद्दल बोलायची, अभ्यासाबद्दल किंवा शिक्षकांना शंका विचारण्याबद्दल नाही. घोडं इथेच पेंड खातं. पुस्तक उघडून वाचणं ही मुलाच्या हातातली गोष्ट आहे, पुढचं पाऊल त्याला दिसतं. गुणपत्रिकेवरचा आकडा त्याच्या हातात नसतो. डॅलसमध्ये चाललं त्याचं श्रेय मी २ डॉलरना कमी आणि हातात दिलेल्या पुस्तकाला जास्त देतो.

बक्षीस शिकण्यापासून तुटलं की काय होतं याचा फार मोठा दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे. १८६२ साली तिथे रॉबर्ट लो यांच्या नव्या नियमावलीने शाळांचं अनुदान हजेरीशी आणि वाचन, लेखन, अंकगणिताच्या तपासणीशी बांधलं. मूल पास तर पैसे, नापास तर कपात. हेतू वाईट नव्हता. सरकारी पैशाचा हिशेब मागितला जात होता आणि गरिबांच्या मुलांकडे दुर्लक्ष होऊ नये ही इच्छाही त्यामागे होती. झालं काय? इतिहास, भूगोल मागे पडले, वर्षभर तपासणीची तयारी चालू लागली, मुलं अख्खी वाचनपुस्तकं घोकून पाठ करू लागली. स्वतः शाळा तपासनीस असलेले मॅथ्यू अर्नल्ड या पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका करत राहिले. ती पूर्ण जायला एकोणिसावं शतक जवळजवळ संपावं लागलं. मॉड्यूलच्या शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरं पाठ करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यात आणि त्या मुलांत मला काही फरक दिसत नाही.

आता स्वप्नवाल्यांकडे वळू. त्यांचं सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे ४ ऑक्टोबर १९५७. सोव्हिएत रशियाने स्पुतनिक सोडला, अमेरिका हादरली, आणि १९५८ साली तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणात पैसा ओतला गेला, विद्यार्थ्यांना कर्ज आणि शिष्यवृत्त्या मिळाल्या. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेणाऱ्यांची संख्या वेगाने चढली. म्हणजे भीती आणि भव्यता यांनी माणसं शिकली, असंच ना? तसं असतं तर जुलै १९६९ नंतर ती संख्या आणखी वर जायला हवी होती. माणूस चंद्रावर उतरला, जगभर कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. यापेक्षा मोठी प्रेरणा कुठली असणार? पण अमेरिकेत भौतिकशास्त्रातल्या डॉक्टरेट १९७० च्या सुमारास शिखराला पोचल्या आणि मग जवळजवळ दशकभर घसरत गेल्या. कारण साधं होतं. संशोधनाचा पैसा आटला होता, नेमणुका थांबल्या होत्या, चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलोच्या शेवटच्या ठरलेल्या मोहिमाही रद्द झाल्या होत्या. आकाशात दिसणारं स्वप्न कधी नव्हे इतकं मोठं होतं आणि जमिनीवर उभं राहायला जागा नव्हती. त्या काळात ज्यांनी भौतिकशास्त्र सोडलं ते काही चंद्राला कंटाळले नव्हते.

याच अपोलो मोहिमेतली एक कमी सांगितली जाणारी गोष्ट मला चंद्रावरच्या पहिल्या पावलापेक्षा मोलाची वाटते. अंतराळवीरांना भूशास्त्र शिकवायचं होतं, कारण चंद्रावरून कुठले दगड उचलायचे हे त्यांनाच ठरवायचं होतं. सुरुवातीला वर्गात व्याख्यानं झाली, खनिजांची नावं झाली. ही माणसं बहुतेक लढाऊ विमानांचे चाचणी-वैमानिक होती. जिद्दीत त्यांचा हात धरणारं कोण होतं? तरीही ती कंटाळली. चंद्रावर जायची ओढ असलेला माणूससुद्धा दगडांची यादी ऐकताना जांभई देतो, हे प्रेरणेवर भाषण करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. पुढे अंतराळवीर आणि स्वतः भूशास्त्रज्ञ असलेल्या हॅरिसन श्मिट यांच्या प्रयत्नांतून कॅलटेक या विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ ली सिल्व्हर शिकवायला आले. त्यांनी वीरांना उघड्या डोंगरांत नेलं. चालायला लावलं, आणि समोर दिसणाऱ्या कड्याचं रेडिओवरून वर्णन करायला लावलं, अशा माणसाला, ज्याला तो कडा दिसत नाही. या खेळात शब्द तोकडे पडले की लगेच कळतं. "काळसर दगड" म्हणून भागत नाही. पलीकडचा विचारतो, कण किती मोठे, थर कुठल्या बाजूला कललेले, शेजारचा तसाच आहे का? एका दिवसात माणूस स्वतःच नावं मागू लागतो, कारण नावाशिवाय त्याचं अडतं. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन यांना एका विवराच्या काठावर पांढुरका, स्फटिकांनी चमकणारा दगड दिसला आणि पाहताक्षणी त्यांना कळलं की आपण शोधत होतो तो हाच. चंद्राच्या आद्य कवचाचा तो तुकडा ४०० कोटी वर्षांहून जुना निघाला. वर्गात कंटाळलेल्या जातीचीच ही माणसं होती.

"पण अंतराळवीर आणि कारकून यांची तुलना कशी होईल?" हा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. म्हणून त्याच संस्थेच्या, म्हणजे अमेरिकेच्या नासाच्या, कचेरीतलं उदाहरण घेऊ. लँग्लीच्या प्रयोगशाळेत डोरोथी व्हॉन यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय स्त्रियांचा एक गट हाताने गणितं करत असे. इलेक्ट्रॉनिक संगणक आल्यावर हे काम जाणार हे उघड होतं. व्हॉन यांनी फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकून घेतली आणि सहकाऱ्यांनाही शिकवली. भीती होती का? असणारच, पोटापाण्याचा प्रश्न होता. पण भीती तर यंत्र येताना पाहणाऱ्या प्रत्येकाला असते, आणि तिने बहुतेक माणसं गोठतात. इथे यंत्र त्याच आवारात होतं आणि त्याच्यावर करायला खरं काम पडलेलं होतं. दुःखाची गोष्ट ही की १९५८ मध्ये कृष्णवर्णीयांचा हा वेगळा विभाग बंद झाल्यावर व्हॉन यांना पुन्हा कधी प्रमुखपद मिळालं नाही. शिकण्याला दार उघडलं गेलं ते अर्धंच.

प्रशिक्षणाने माणसांचे जीव वाचल्याचं सर्वांत ठळक उदाहरण विमान वाहतुकीतलं आहे, आणि त्याचा उगमही अंतराळ संस्थेशीच जोडलेला आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरं विमान अजून वाटेतच नाही ना, असं विचारलं होतं. कॅप्टनने ते उडवून लावलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडात गुंतून इंधन संपून कोसळलं; इंधन कमी होतंय हे इतरांना दिसत होतं, पण कॅप्टनपुढे कुणी ते ठासून मांडलं नाही. १९७९ साली नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड या विमान कंपनीने कॉकपिटमधल्या सगळ्यांना एकत्र काम करायला शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या काळातले हे वर्ग बऱ्याच वैमानिकांना मुळीच रुचले नाहीत. स्वभाव सुधारण्याचे खेळ वाटले, चेष्टा झाली, काही तर आणखी हट्टाला पेटले. मग शिकवणं सिम्युलेटरमध्ये गेलं, खऱ्या वाटणाऱ्या संकटात आलं. कनिष्ठाने बोलणं हे कामाच्या पद्धतीतच बसवलं गेलं. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला, विमान वळवणारी हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण गेलेलं विमान उतरवताना कॅप्टन अल हेन्स यांनी सगळ्यांचं ऐकलं. प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही पुढे बोलावून त्याच्या हाती थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, दिले. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी याचं श्रेय वारंवार त्या प्रशिक्षणाला दिलं. शिकवलेलं वापरायला कॉकपिटमध्ये जागा केली गेली होती, म्हणून ते अंगवळणी पडलं. नुसतं "बोलायला शिका" सांगून ऐकणारा कॅप्टन तसाच ठेवला असता, तर पालथ्या घड्यावर पाणी.

याची उलट बाजूही नोंदलेली आहे. शस्त्रक्रियेआधी वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची तपासयादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत आणली गेली तेव्हा, २००९ च्या अहवालानुसार, मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात तपासयादी शंभरावर रुग्णालयांत आली. वापर जवळजवळ पूर्ण असल्याचं कळवलं गेलं, पण २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. त्या अभ्यासाचा काळ कमी होता, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही चौकटीत खूण करणं आणि खोलीतल्या सर्वांत कनिष्ठ नर्सने शल्यविशारदाला थांबवू शकणं, यांतलं अंतर ज्याने कुठल्याही कार्यालयात वर्षभर काम केलंय त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

सर्वांत कडवा आक्षेप शेवटी घेतो. लोक म्हणतात, काहींना शिकायचंच नसतं. आणि शिकण्यासारखं सगळंच काही रंजक नसतं. दुसरा भाग खरा आहे. पाढे, सुरक्षेचे नियम, व्याकरण हे सक्तीने आणि सरावानेच येतं, आणि मुलाला त्याचा उपयोग दिसेपर्यंत थांबलो तर उशीर होतो. तिथे शिक्षकाचा शब्द हाच उपयोगाचा जामीन असतो, आणि मूल तो विश्वासाने घेतं. पहिला भाग मात्र मला संताप आणतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस गुलाम होता. मालकीण त्याला अक्षरं शिकवू लागली, मालकाने थांबवलं. अक्षरओळखीने गुलाम बिघडतो, असं त्याच्यासमोरच म्हणाला. डग्लसला तेवढं पुरलं. वाचता येणं आपल्याला कुठे नेऊ शकतं हे त्या एका वाक्याने दाखवलं आणि मग तो रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं घेऊ लागला. मनाई हे शिकवण्याचं तंत्र आहे असं मला म्हणायचं नाही; त्या मनाईखाली असंख्य माणसं अक्षराविना गेली. पण "यांना शिकायचंच नसतं" हे वाक्य बहुधा त्यांच्याचबद्दल उच्चारलं जातं, ज्यांच्या शिकण्याला जगाने कुठेच वाट ठेवलेली नसते. १९६३ साली ब्राझीलमधल्या अंजिकोस इथे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे ३०० प्रौढ कष्टकऱ्यांना ४० तासांच्या वर्गांत लिहायला-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. सुरुवात मुळाक्षरांनी नव्हती. "वीट" यासारखे त्यांच्या कामातले शब्द घेऊन होती, आणि अक्षर आलं की मतदानाचा हक्कही येणार होता, कारण तेव्हा तिथे निरक्षराला मत नव्हतं. पुढच्या वर्षी लष्करी उठाव झाला आणि कार्यक्रम बंद पडला. सत्ताधाऱ्यांना त्या कष्टकऱ्यांच्या शिकण्याची भीती वाटली. त्यांच्या आळसाची तक्रार तेव्हा कुणी केली नाही.

एक शेवटचा दाखला, जो स्वप्नवाल्यांनी विसरू नये. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला. फोम आधीच्या उड्डाणांतही सुटत आला होता आणि यान सुखरूप परतत आलं होतं. धोका अंगवळणी पडला होता. या वेळी काही अभियंत्यांना शंका आली. पंखाची छायाचित्रं घ्यावीत अशी मागणी त्यांनी केली. ती वर गेली आणि विरली. १ फेब्रुवारीला सात जण गेले. चौकशी मंडळाने १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेतले धडे संस्थेत मुरले नसल्याचं स्पष्ट लिहिलं. जगातली सर्वांत भारलेली, सर्वांत शिकलेली माणसं तिथे होती. याउलट सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर आदळल्यावर नेमकं कुठे काय चुकू शकतं, यावरूनच पुढची रचना झाली: पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, उतरण्याची जागा कितीतरी पटींनी मोठी धरली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. चुकीतून जे कळलं त्याला पुढच्या यानात जागा मिळाली होती.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रशिक्षणाची वार्षिक यादी करताना कोर्सच्या नावापुढे दोन रकाने वाढवा: हे शिकल्यावर त्या माणसाच्या कामात काय बदलेल, आणि तो बदल करायची परवानगी त्याला कोण देणार आहे. ज्या कोर्सपुढे हे रकाने रिकामे राहतील तो घेऊच नका. ते तास माणसांना मोकळे द्या. थकलेल्या माणसाला शिकायला आधी वेळ लागतो.

त्या सहकारी बाईंनी आपली शीट वरिष्ठांना दाखवली होती. छान आहे, म्हणाले, पण याद्या ताडायची आपली पद्धत ठरलेली आहे, त्यात सह्या लागतात. त्यामुळे दर महिन्याचे दोन दिवस अजूनही त्यांत जातात. परवा यंदाच्या प्रशिक्षणाची यादी लागली आणि स्प्रेडशीटच्या पुढच्या कोर्ससाठी त्यांचं नाव होतं. यादी वाचून त्या थेट प्रशिक्षण विभागात गेल्या आणि विचारलं, "हा कोर्स केल्यावर माझी शीट वापरता येईल का?" समोरच्याने बघून सांगतो म्हटलं. आज आठ दिवस झाले, त्या वाट पाहतायत.